संकल्प करा, पण आधी आपला मंगळवार मांडून बघा

डिसेंबर संपत आला की सगळ्यांच्या लिस्टा पडायला लागतात. पहाटे पाचला उठणार, रोज दहा हजार पावलं, साखर बंद, वर्षभरात पन्नास पुस्तकं, मोबाइल कमी. वाचताना मला पहिला प्रश्न हा पडतो की ही माणसं नक्की राहतात कुठे? कारण इथे निम्म्या बायका आधीच पाचला उठतात, पाणी तेव्हा येतं आणि डबे तेव्हा करावे लागतात म्हणून, आणि त्याला कोणी रिझोल्युशन म्हणत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की काहीही ठरवायच्या आधी आपला मंगळवार कागदावर मांडा. रविवार नाही हं, रविवारी सगळ्यांनाच वाटतं आपण काहीही करू शकतो (मेगाब्लॉक नसेल तर). माझं बोरिवली ते चर्चगेट, फास्ट मिळाली तरी तासभर धराच, शेअर रिक्षाची लाइन वेगळी, मग ऑफिस, परत तेवढाच प्रवास, घरी येऊन कुकर, मुलाचं प्रोजेक्ट, सासूबाईंच्या गोळ्या, आणि शेवटी हातात उरतो तो रात्री साडेदहानंतरचा अर्धा तास, त्यातही डोळे मिटत असतात. त्या अर्ध्या तासात योगा, डायरी, ऑनलाइन कोर्स सगळं कोंबणं म्हणजे संध्याकाळी विरार फास्टमध्ये अंधेरीला चढणं. एखादा चढतोही, पण रोज?

बरं, हे आकडे येतात कुठून तेही बघा. दहा हजार पावलांचं म्हणाल तर 1965 मध्ये जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, तिथून तो आकडा जगाला चिकटला, कुठल्या डॉक्टरने तपासून दिलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना सांगते आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि भरभर चालणं त्यात धरतात. म्हणजे चर्चगेटला उतरून नरिमन पॉइंटची शेअर टॅक्सी सोडली, जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटं पाय उचलून चाललं, आठवड्याचे पाच दिवस, की झाले 150. वेगळे शूज नकोत, अ‍ॅप नको आणि मुख्य म्हणजे वेगळा वेळ नको.

साखर बंदचं तर मला हसूच येतं. 1 जानेवारीला साखर बंद आणि 14 ला संक्रांत! तिळगूळ, गुळपोळी, मग रथसप्तमीपर्यंत एकेका घरचं हळदीकुंकू. नाही म्हणणार कोणाकोणाला? स्वीडनमध्ये हजारावर लोकांच्या संकल्पांचा वर्षभर पाठपुरावा केला होता, 2020 मध्ये तो छापून आला. त्यात 'हे सोडणार' म्हणणाऱ्यांपैकी साधारण 47 टक्के लोकांनी वर्षअखेरीला आपलं जमलं असं सांगितलं, 'हे सुरू करणार' वाल्यांत जवळपास 59 टक्के. मग साखर बंद म्हणण्यापेक्षा चारच्या चहाबरोबर चणे-शेंगदाणे सुरू म्हणा ना, बिस्किटाची जागा आपोआप जाते.

आणि खाडे. खाडे होणारच. पाऊस, ताप, परीक्षा, पाहुणे, ओव्हरहेड वायर तुटली. आपण एक दिवस चुकला की लगेच म्हणतो जाऊ दे, आता पाडव्यापासून. (आपलं बरंय, गुढीपाडवा हुकला तर दिवाळीचा पाडवा आहेच.) लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 लोकांवर सवयींचा अभ्यास झाला होता, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस असा हिशेब निघाला, पण माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत फरक. एखाददुसरा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. कामवाल्या मावशींना आपण महिन्याला दोन सुट्ट्या धरतो, मग स्वतःच्या संकल्पाला का नाही धरायच्या, सांगा.

आता जरा कडू बोलते. वन बीएचकेमध्ये पाचचा अलार्म एकट्याचा नसतो, अख्खं घर उठतं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारच्या मॅरेथॉनसाठी घरातला पुरुष महिनोन्महिने पहाटे धावायला जातो, सगळे कौतुक करतात, करावंच, पण त्या वेळात मुलाची स्कूलबस कोण गाठतं हे कोणाच्या पोस्टमध्ये नसतं. स्वतःशी प्रेमाने वागा हे आजकाल सगळेच सांगतात, मान्य आहे, पण आपल्या गोलचा भार घरातल्या दुसऱ्या कोणाच्या पाठीवर तर जात नाहीये ना, हे विचारल्याशिवाय तो गोल मला तरी चांगला वाटत नाही. आणि उलटही खरं, बाईला स्वतःसाठी तासभर हवा असेल तर तो हवेतून येणार नाही, कोणाकडून तरी मागूनच घ्यावा लागणार.

म्हणून माझी यंदाची यादी छोटी आहे. नरिमन पॉइंट चालत, जमेल तेव्हा. सकाळी विंडो सीट मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर झोप (उभ्याने पण येते, लेडीज डब्यातल्यांना माहितीये). राहिलेली डोळ्यांची तपासणी मार्चच्या आत. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ पेटीच्या क्लासला, त्यासाठी नवऱ्याला सांगितलं की गुरुवारचा कुकर तुझा. तो म्हणाला गुरुवारी आमची मीटिंग लांबते, बुधवारी चालेल का? म्हटलं क्लासच्या बाईंना विचारते.