एक वाटी आणि एक चमचा

कुणी "टेन्शन घेऊ नको" असं लिहिलं तर सरळ ब्लॉक करीन. आधीच सांगून ठेवते.

काल दुपारपासून चिऊला नऊ जुलाब, दोन उलट्या. चौदा महिन्यांचं पोर. ओठ सुकलेले, रडतेय पण डोळ्यांत टिपूस नाही, आणि बाटली दिसली की झडप घालतेय. रात्री साडेअकराला धो धो पावसात कांजूरहून रिक्षा. कॅज्युअल्टीत पाऊल टाकलं, तर "केसपेपर काढलात?" खिडकीवरच्या महाशयांना आधारची झेरॉक्स हवी. रात्री साडेअकराला! तिथलं पेनसुद्धा सुतळीने बांधलेलं, आणि बांधून ठेवलेलं पेन उठत नव्हतं.

मग बाकड्यावर पाऊण तास. वजन नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून बघणं नाही, काही नाही. विचारलं, "पाणी तरी पाजू का?" तर म्हणे, "डॉक्टर बघेपर्यंत तोंडाने काही देऊ नका." जुलाबाच्या पोराला! आणि माझ्या डोक्यावर भिंतीला पोस्टर काय? "जुलाब होताच ओआरएस द्या." वर गुटगुटीत बाळ हसतंय. माझ्याकडे बघूनच हसत असावं.

डॉक्टर आले. दोन दिवस झोपलेलं दिसत नव्हतं पोरगं, त्याच्यावर राग नाही. आहे, पण थोडाच. "सलाइन लावू." चार वेळा टोचलं, शीर मिळेना. अहो, मूल पिऊ शकतंय ना? हपापून पितंय! मुळात 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून, म्हणजे हेच ओआरएस पाजून, कॉलऱ्याची माणसं जगवली. पाजायला कोण होते? पेशंटचे नातेवाईक. आणि इथे मुंबईत आईने पाजायचं नाही.

शेवटी नाइटच्या वयस्कर सिस्टर आल्या. म्हणाल्या, "मलूल पडलेलं, पिऊ न शकणारं मूल असेल तर सलाइन. हिला किलोला 75 मिली, चार तासांत, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग परत." चिऊ नऊ किलोची, म्हणजे पाऊण लिटरसुद्धा नाही. पुडी मिळाली, लिटरची बाटली मिळाली. वाटी-चमचा? अख्ख्या कॅज्युअल्टीत नाही! मॉनिटर आहे, एसी आहे, दात वाजतील इतका एसी आहे, पण वाटी नाही. सिस्टरनी स्वतःच्या डब्याचं झाकण आणि चमचा धुऊन दिला. पहाटे चारला चिऊने माझ्या मांडीवर शू केली. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

निघाल्यावर राग परत चढला. आमचे फॅमिली डॉक्टर आठवले, पातळ शी म्हटली की अँटिबायोटिक. रक्त नाही, काही नाही, तरी. झिंकचं नाव नाही. इथे चौदा दिवसांचं लिहून दिलं. सासूबाई: "दूध बंद कर." सोसायटीचे सेक्रेटरी: टाकी साफ केल्याची नोटीस छान लॅमिनेट करून लावतात, टाकी साफ करत नाहीत.

आणि आता माझं. केमिस्टकडे "ओआरएस द्या" म्हटलं, त्याने संत्र्याचा गोड टेट्रापॅक दिला, आणि मी दुपारभर तोच पाजला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या सरबतांवर ओआरएस लिहायला बंदी घातली, ती बातमी सोसायटीच्या ग्रुपवर कुणी टाकली होती? मीच. न वाचता. डॉक्टरांनी "घरी काय दिलंत?" विचारल्यावर "ओआरएस!" असं ठणकावून सांगणारीही मीच. सकाळी ड्रॉवर उघडला तर खऱ्या ओआरएसच्या तीन पुड्या, थर्मामीटरखाली.

त्या सिस्टरच्या डब्याचं झाकण माझ्या पर्समध्येच राहिलंय. उद्या द्यायला जाते. केसपेपर काढायला लावतील बहुतेक.