नॅचरल है भाभीजी!

घराची फरशी बदलायचीय असं नुसतं बोलून बघा, आपल्या नात्यात इतके दगडतज्ज्ञ आहेत हे तेव्हाच कळतं. आमच्या सासूबाईंचं मत शहाबादी, का तर माहेरच्या वाड्यात होती आणि उन्हाळ्यात तिच्यावर उघडं झोपलं की पंखा लागायचा नाही. नवऱ्याला इटालियन मार्बल, कारण साहेबांच्या घरी आहे. मोठे दीर म्हणाले, ग्रॅनाइट घाला, विषय संपवा. आणि शेजारच्या काकू, ज्यांना कोणी विचारलंच नव्हतं, त्या म्हणाल्या अगं सरळ व्हिट्रिफाइड टाइल्स टाक, लोक वेडे आहेत का.

खरं म्हणजे आपण सगळे दगडावरच राहतो, अख्खा सह्याद्री काळा कातळ आहे, पण घरात घालायला फरशी मात्र बाहेरून आणायची, शहाबादी कर्नाटकातून, कडप्पा आंध्रातून, तांदूर तेलंगणातून, कोटा नि मकराना राजस्थानातून. नवऱ्याला विचारलं असं का, तर म्हणे आपला बसाल्ट लाव्ह्याचा, त्याला फरशीसारखे पातळ थर नसतात, शहाबादी-कोटा म्हणजे चुनखडी, थरावर थर साचून झालेली, ती पापुद्र्यासारखी सुटते. हे त्याला माहीत होतं तर इटालियनचा हट्ट कशाला, हे विचारलं नाही, घरात आधीच धूळ खूप झाली होती.

मग दुकान. मार्बलच्या स्लॅब उभ्या करून ठेवलेल्या, आणि दुकानदाराच्या हातात पाण्याचा मग. कुठल्याही दगडाकडे बोट दाखवा, तो भस्सकन पाणी ओततो, मळकट राखाडी दगड एका क्षणात हिरवागार चमकतो आणि तो म्हणतो, पॉलिश के बाद ऐसाच दिखेगा. सासूबाई तिथेच उभ्या राहिल्या, पाणी वाळेपर्यंत. वाळला. दगड परत मळकट. त्या म्हणाल्या, आता दाखवा.

त्या दुकानात दगडाला दोष असा नसतोच. स्लॅबच्या मधोमध चीर दिसली, म्हटलं हे काय, तर "नॅचरल है भाभीजी, व्हेन है." (म्हणजे दगडातली मूळचीच रेघ.) नखाने ओढून बघितलं तर नख अडकलं, तरी नॅचरलच. एका लॉटमधली फरशी हिरवट, दुसऱ्यातली तपकिरी, तेही नॅचरल. बिलात हमाली दोनदा लागली होती ते दाखवलं तेव्हा फक्त तो गप्प झाला.

मार्बलचा निकाल मात्र सासूबाईंनीच लावला. पर्समधून लिंबू काढलं (हो, घरून आणलं होतं), सँपलच्या तुकड्यावर पिळलं आणि आम्ही सगळे चहा पीत बसलो. चहा संपल्यावर पुसलं तर चकाकी गेलेला पांढुरका डाग. मार्बल काय, कोटा काय, दोन्हीत चुनाच, आंबट पडलं की खातंच. फक्त पांढऱ्या चकचकीत मार्बलवर ते लगेच डोळ्यात भरतं आणि वर हळद सांडली की रडायचंच. आमच्याकडे रोज आमटीत कोकम, आठवड्याला लोणच्याची बरणी फुटते, तेव्हा इटालियन गेलं.

शेवटी कोटा. एक इंच जाडीची घेतली, फुटाला सहा किलो भरते, आमचं तळमजल्याचं घर म्हणून कोणी काही बोललं नाही. घालताना मिस्त्रीने प्रत्येक फरशी हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज ऐकला, पोकळ वाजली की उचल, माल भर, परत बसव. हे बघायला मला फार आवडलं, त्याच्या हातात खरंच कान होते.

आणि मग पॉलिश. हे कोणीच आधी सांगत नाही बाई! मशीन फिरतं, पाणी ओतत राहतात आणि घरभर करडा चिखल, भिंतीवर फूटभर शिंतोडे, आधीच रंगवलेल्या भिंतीवर, कारण रंगारी स्वस्तात मिळाला म्हणून नवऱ्याने आधी रंग उरकला होता. आता त्याला मिरर पॉलिश पाहिजे, सासूबाई म्हणतात घसरून माझं खुब्याचं हाड गेलं तर आरशात बघत बसा, आणि मशीनवाला हॉलच्या मधोमध उभा राहून विचारतोय, मॅडम, अजून एक हात मारू का बंद करू?