ठाण्याच्या उकाड्यात पंधरा दिवस नकोत

मिठाच्या पाण्यात भाज्या आंबवण्यावरच्या एका लेखात मुळा-गाजराची बरणी पंधरा दिवस फ्रिजबाहेर ठेवा, असं म्हटलंय. थंड हवेत ठीक आहे, पण ठाण्यात मे महिन्यात इतके दिवस ठेवलं तर फोडी मऊ पडतात. आमच्याकडे घोडबंदरला गॅलरीतल्या कुंडीतले मुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच छान आंबतात. पाणी गढूळ होतं, झाकण सैल केलं की बुडबुडे सुर्रकन वर येतात. मग लगेच फ्रिजमध्ये. उकाड्यात मीठ मात्र कमी करू नका, लिटरभर पाण्याला 25 ते 30 ग्रॅम हवंच. फोडी पाण्याखालीच राहायला हव्यात, वर छोटी वाटी दाबून ठेवा. बीटात साखर जास्त, ते जोरात फसफसतं. आणि हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर वरवर काढून खाऊ नका, अख्खी बरणी ओतून द्या.