दादा, आमच्याकडेही चहा-खारीच असते

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, एक फोटो टाकला. गणपतीआधीची पोलीस ठाण्यातली शांतता समितीची बैठक. लांब टेबल, कागदी कप, खारी, आणि कॅमेऱ्याकडे बघणारे नेहमीचे चेहरे. खाली दादाची टीप : ‘ही दुकानं बंद करा. कायदा आहे, पोलीस आहेत, मध्ये हे दलाल कशाला? दोन्हीकडून खातात.’ त्यावर अकरा अंगठे.

मी इथे उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये रात्रपाळी संपवून ते वाचलं आणि झोप उडाली.

त्यातलं अर्धं खरं आहे, हे आधीच कबूल करते. समितीचं ओळखपत्र खिशात घालून मिरवणारे मीही पाहिलेत. साहेबांबरोबरचा फोटो हीच ज्यांची समाजसेवा, तेही पाहिलेत. पण दोन्हीकडून खातात? मी जी माणसं पाहिली ती दोन्हीकडून खायची खरी, पण शिव्या.

इथे फॉल्स या कॅथलिक वस्तीला लागून काश्मीर रोड आहे, कानपूर स्ट्रीट आहे, आणि बॉम्बे स्ट्रीटही. पहिल्या वर्षी मी त्या पाटीचा फोटो ग्रुपवर टाकला होता, तेव्हा सगळ्यांना कोण आनंद! ही बॉम्बे स्ट्रीट 1969 च्या कॅथलिक-प्रोटेस्टंट दंगलीत जाळली गेली, आणि तारीख काय, तर 15 ऑगस्ट, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. घरं पुन्हा बांधली, पण परसात दोन वस्त्यांना तोडणारी भिंत आली. पलीकडून दगड येतात म्हणून मागच्या अंगणांवर लोखंडी जाळ्या आहेत, आणि त्या जाळीखाली कपडे वाळत असतात.

त्याच गल्लीला खेटून क्लोनार्डचा मठ. तिथले फादर अ‍ॅलेक रीड. मार्च 1988 मध्ये एका अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिक शिरले. जमावाने त्यांना ओढून मारहाण केली आणि आयआरएने, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेने, गोळ्या घातल्या. रीड धावत गेले, एकाच्या तोंडाला तोंड लावून श्वास देऊ लागले, मग अंत्यसंस्काराची प्रार्थना म्हणाले. त्या वेळी त्यांच्या अंगावर एक लिफाफा होता. आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाने कॅथलिकांचे मवाळ नेते जॉन ह्यूम यांच्यासाठी लिहिलेलं टिपण. लिफाफ्याला रक्त लागलं. फादरांनी लिफाफा बदलला आणि टिपण पोचतं केलं. दहा वर्षांनी गुड फ्रायडे हा शांतता करार झाला. ह्यूम आणि प्रोटेस्टंट बाजूचे नेते ट्रिम्बल यांना नोबेल मिळालं, आणि लिफाफा बदलणारा मठात राहिला.

दादा म्हणतो, मध्यस्थ तटस्थ हवा. 2005 मध्ये आयआरएने शस्त्रं निकालात काढली तेव्हा साक्षीला दोन धर्मगुरू होते, हेच रीड आणि मेथडिस्ट हॅरल्ड गुड. पुढच्याच महिन्यात एका प्रेस्बिटेरियन चर्चमधल्या सभेत रीड भडकले आणि युनियनिस्टांनी, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांनी, कॅथलिकांना नाझींनी ज्यूंना वागवलं तसं वागवलं, असं बोलून बसले. मग माफी. हा तटस्थ माणूस? मुळीच नाही, पक्का एका बाजूचा. म्हणूनच आयआरएवाले त्याच्यासमोर तोंड उघडायचे. आणि त्याच्या शब्दावर प्रोटेस्टंट विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून शेजारी गुड लागले. त्या चर्चचे पाद्री केन न्यूएल एके काळी ऑरेंज ऑर्डर या कट्टर प्रोटेस्टंट संघटनेत होते, आणि त्यांची जोडी क्लोनार्डच्या फादर जेरी रेनल्ड्स यांच्याशी. इथल्याच डेरी शहरात फिश-अँड-चिप्स विकणारा ब्रेंडन डडी तर वीसेक वर्षं ब्रिटिश हेरखातं आणि आयआरए यांच्यातले निरोप पोचवत होता. दलालच म्हण हवं तर.

आणि दादा, हे तुला मी बेलफास्टवरून का सांगावं? तू भिवंडीत राहतोस.

84 ची दंगल झाली तेव्हा मी सात वर्षांची होते. 1988 नंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला समित्या झाल्या. पुढारी नाहीत, मोहल्ल्यातलीच माणसं आणि बीटचा हवालदार. बाबांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, म्हणून बाबा घेतले गेले. पलीकडून उर्दू शाळेतले मास्तरचाचा. डिसेंबर 92 मध्ये मुंबई पेटली तेव्हा हे दोघे दुकानाच्या फळीवर बसून असायचे, एक टॉर्च आणि एक थर्मास घेऊन. अफवा आली की बाबा आमच्या आळीत जायचे, चाचा त्यांच्या मोहल्ल्यात, आणि परत येऊन उरलेला चहा. भिवंडी शांत राहिली. बाबांना मात्र ‘मियाँचा माणूस’ ही पदवी मिळाली आणि चाचांना ‘खबऱ्या’. काकांनी, म्हणजे दादा तुझ्याच वडिलांनी, दोन दिवाळ्या आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. हे तुला आठवत नाही असं मी मानत नाही.

एवढं सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर एका ओळीत : ‘तुमच्याकडे अजून भिंती आहेत. भिवंडीत एक तरी दाखव.’

लागलं. भिंती 2023 पर्यंत पाडायच्या असं सरकारने 2013 मध्ये ठरवलं होतं. त्या उभ्या आहेत. रात्री फाटकं बंद होतात आणि मी वळसा घालून घरी येते. मी त्यावर इथल्या शांततेसाठी मिळालेली 1976 चं आणि 1998 चं अशी दोन नोबेलं दादाच्या तोंडावर फेकली. भांडणात हाताला येईल ते फेकतो माणूस. पण खरं टोचलं ते ‘तुमच्याकडे’.

इथे माणसाच्या नावावरून, शाळेवरून, ‘एच’ कसा उच्चारतो त्यावरून बाजू कळते. माझ्या नावावरून काही कळत नाही. सोळा वर्षं मी याला तटस्थपणा समजत होते आणि त्याचा तोराही होता. मग 3 ऑगस्ट 2024 आला. इंग्लंडमधल्या साउथपोर्टला तीन लहान मुलींच्या हत्या झाल्या, त्यानंतरचा शनिवार. शहरात बाहेरून आलेल्यांची दुकानं फोडली, जाळली. आमच्या रस्त्याच्या कडेचे दगड ब्रिटिश झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांत रंगवलेले आहेत, म्हणजे वस्ती प्रोटेस्टंटांची. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, पडदे ओढ, आज बाहेर पडू नको. आणि त्यांनी कुणालातरी फोन केला. कोपऱ्यावर एक पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला, तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, हातात मोबाईल. मी फटीतून बघत होते. पोरांना तो काय म्हणाला ते आजीबाईंनी नंतर सांगितलं : ‘ते घर सोडा, ती हॉस्पिटलात काम करते.’

हॉस्पिटलात नसते तर?

दुसऱ्या दिवशी मी त्याला शंकरपाळ्यांचा डबा दिला. उभ्या उभ्या दोन खाल्ल्या, फार गोड आहेत म्हणाला, आणि निघून गेला. वरच्या रस्त्यावरच्या सुदानी कुटुंबासाठी कोण उभं राहिलं, हे मी विचारलं नाही.

त्याच रात्री मास्तरचाचांचा फोन. टीव्हीवर बेलफास्ट बघितलं होतं. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण चाचा अजून मला बाबांच्याच आवाजात रागावतात. म्हणाले, ‘बेटी, तिकडे मोहल्ला कमिटी आहे की नाही?’

‘आहे चाचा.’

‘तू आहेस ना त्यात?’

मी म्हटलं, चाचा, आवाज तुटतोय, उद्या करते.