तारापूरमधून औषधही निघू द्या

वैद्यकीय समस्थानिकांसाठी, म्हणजे तपासणीला आणि उपचाराला लागणाऱ्या किरणोत्सारी पदार्थांसाठी, खासगी भागीदारीतून संशोधन अणुभट्टी उभारू, असं केंद्र सरकारने मे 2020 मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून घरच्यांशी फोनवर हा विषय निघाला की दोन तट पडतात. एकाला खासगी कंपनीच्या हाती अणू नको, दुसऱ्याला सरकारचा भरवसा नाही. इथे कॅनडातल्या ऑन्टॅरिओत राहून मला वाटतं, मालक कोण हा प्रश्न नंतरचा. एक भट्टी बंद पडली तर दुसरी कुठे आहे, हे आधी विचारा.

इथल्या चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी 1957 ची. जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनम-99 या किरणोत्सारी समस्थानिकाचा मोठा वाटा तिथून जाई. त्यातून मिळणारं टेक्नेशियम हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनला लागतं. मॉलिब्डेनम 66 तासांत निम्मं होतं, टेक्नेशियम सहाच तासांत. साठा करून ठेवायची सोयच नाही. मे 2009 मध्ये जड पाण्याची (भट्टीत वापरतात त्या खास पाण्याची) गळती सापडली आणि भट्टी सुमारे पंधरा महिने बंद राहिली. जगभर रुग्णांचे स्कॅन पुढे गेले. तिची जागा घेण्यासाठी बांधलेल्या दोन मेपल भट्ट्या तर आदल्याच वर्षी रद्द झाल्या होत्या. बांधणारी कंपनी सरकारी, माल घेणारी खासगी. भागीदारी होती, तरी पदरी काही पडलं नाही.

यातून कॅनडा जे शिकला ते मला फार मोलाचं वाटतं. 2022 पासून ब्रूस वीजकेंद्राच्या चालू भट्टीत यटर्बियम हा धातू ठेवून ल्युटेशियम-177 हे समस्थानिक तयार करतात. प्रोस्टेटच्या कर्करोगावर ते दिलं जातं. वीजनिर्मिती थांबवावी लागत नाही.

आपल्याकडे 2010 मध्ये सायरस ही संशोधन भट्टी बंद झाल्यापासून समस्थानिकांचा मुख्य भार तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव भट्टीवर आहे, आणि ध्रुव 1985 ची. पण तारापूरच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या भट्ट्या ब्रूससारख्याच जड पाण्याच्या, चालू असताना इंधन बदलता येणाऱ्या. राजस्थानातल्या रावतभाट्याच्या वीजभट्ट्यांतून कोबाल्ट-60 हे समस्थानिक आपण काढतोच. मग तारापूरला ल्युटेशियमची सोय करा, अशी मागणी का होत नाही? नियामकाला डावलून मात्र नको. 2007 मध्ये नियामकाच्या आक्षेपाने थांबलेली एनआरयू इथल्या संसदेने तसा कायदा करून पुन्हा सुरू केली होती, ते मला आजही चूक वाटतं. रीतसर परवानगी घेऊनच काम व्हावं. ल्युटेशियम निम्मं व्हायला साडेसहा दिवस लागतात; तारापूरहून परळच्या रुग्णालयांपर्यंतचा रस्ता काही तासांचा आहे.