दोनदा जेवा की सहादा? आधी गोळीचं विचारा

मागच्या आठवड्यात कापूस वेचता वेचता माय धुऱ्यावर बसली, ती उठेचना. डिसेंबरची थंड सकाळ, तरी पोलकं घामानं भिजलेलं, बोटं थरथरत होती. "मले काही दिसून नाही राह्यलं रे बाबू," एवढंच बोलली. बाजूच्या वावरातल्या काकूनं शिदोरीतला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. पंधरा मिनिटांनी माय नीट बोलायला लागली.

मग कळलं की सकाळी शुगरची गोळी घेतली, पण न्याहारी केलीच नाही. कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता : दोनच वेळा जेवा, वजनही उतरते, शुगरही. मायची गोळी ग्लिमेपिराइडची. तुम्ही जेवा की नका जेवू, ती शरीराला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतेच. पोटात काही नसलं की रक्तातली साखर घसरते. व्हिडिओ पाठवणाऱ्यानं हे विचारलं होतं का?

आमच्या घरातच दुसरं टोक आहे. तालुक्याच्या एका आहारतज्ज्ञानं वहिनीला दर दोन तासांनी खायला सांगितलं. चुलीत थोडं थोडं सरपण टाकत राहिलं की जाळ टिकतो, तसा मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचा ऊर्जा जाळण्याचा वेग, टिकतो म्हणे. ऐकायला पटतं, पण शरीर असं चालत नाही. अन्न पचवायला ऊर्जा लागते हे खरं. प्रथिनांतल्या उष्मांकाचा २० ते ३० टक्के भाग त्यातच जातो, भाकरी-भातासारख्या पिष्टाचा ५ ते १०, तेलातुपाचा फार तर ३. पण हा हिशेब दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं त्यावर ठरतो. तेवढंच जेवण तीनदा खा की सहादा, जळणारी ऊर्जा जवळपास तेवढीच. १९९७ मध्ये संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच निघालं. वहिनीचं मात्र केळ, चिवडा, बिस्किटं असं वाढत गेलं आणि तीन महिन्यांत दोन किलो वजन चढलं. दोष तिचा नाही. तिला किती वेळा खायचं ते सांगितलं, किती खायचं ते कोणी सांगितलंच नाही.

दोन वेळच्या जेवणाचा विचार आपल्याच विदर्भातल्या श्रीकांत जिचकारांनी मांडला, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तो घरोघरी नेला. त्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. प्रागमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढेच उष्मांक, एकदा १२ आठवडे सहा वेळांत, एकदा १२ आठवडे दोन वेळांत. दोन वेळांत सरासरी ३.७ किलो उतरले, सहा वेळांत २.३. पण त्या दोन वेळा म्हणजे न्याहारी आणि दुपारचं जेवण! आणि सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. आपल्याकडे नेमकी न्याहारीच सोडतात.

भूकही सवयीचीच. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतं. आजी सकाळी दहाला आणि दिवस मावळताना जेवायची, मधे तिला भूक लागत नसे. वहिनीला आता बरोबर चारला बिस्किट आठवते.

मला विचाराल तर गावातलं वजन जेवणाच्या वेळांनी वाढलंच नाही. निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वावरात जायला मोटरसायकल आली, भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. वर चहा. कपाला दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे दहा चमचे. जवळपास एका भाकरीएवढे उष्मांक, आणि पोटाला आधार काहीच नाही. हे कोणी जेवणात मोजतच नाही.

ज्यांच्या घरात शुगरची गोळी किंवा इन्सुलिन आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही जेवण सोडू नका, हात जोडून सांगतो. मायची गोळी डॉक्टरांनी कमी केली. आता ती आठ वाजता भाकर-वरण खाऊन निघते, एकला शिदोरी सोडते, रात्री थोडंसं. काल वेचणीला जाताना पदराला गाठ दिसली. विचारलं तर म्हणाली, "गूळ हाय."