लाइट लोडला कपॅसिटरचा लॉस ‘शून्य धरा’? आधी हिशेब बघा

बक रेग्युलेटरबद्दल, म्हणजे स्विचिंग करून व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटबद्दल, एक हिशेब सगळीकडे फिरतोय: कपॅसिटरमधला लॉस म्हणजे लोड करंटचा वर्ग गुणिले ईएसआर (कपॅसिटरचा आतला सिरीज रेझिस्टन्स). म्हणून लाइट लोडला तो नगण्य. ईएसआरचा एकच आकडा डेटाशीटमधून उचला, लीकेज (कपॅसिटरमधून सतत झिरपणारा करंट) सोडून द्या. तिन्ही गोष्टी चुकल्यात, पहिली तर मुळातच.

आउटपुट कपॅसिटरमधून लोड करंट जातच नाही, जातो तो इंडक्टरचा रिपल, म्हणजे स्विचिंगमुळे होणारा करंटचा चढउतार. १२ व्होल्टचे ३.३ करायचेत, ५०० किलोहर्ट्झ, ४.७ मायक्रोहेन्री असं धरा. रिपल येतो साधारण १ अँपिअर पीक-टू-पीक. वेव्ह त्रिकोणी, म्हणून √१२ ने भागायचं: आरएमएस ०.२९ अँपिअर. यात लोड कुठे आला? फोर्स्ड पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे लोड कितीही असला तरी चिप ठरलेल्या फ्रिक्वेन्सीने सतत स्विच करते तेव्हा, लोड ३ अँपिअर असो की १० मिलिअँपिअर, १०० मिलिओहमचा इलेक्ट्रोलायटिक साडेआठ मिलिवॉट खातोच. ३ अँपिअरला आउटपुट जवळपास १० वॉट, तिथे याकडे कोण बघतंय! १० मिलिअँपिअरला मात्र आउटपुटच ३३ मिलिवॉट, म्हणजे त्याच्या चौथ्या हिश्शाएवढा लॉस. फिरत्या हिशेबाने उत्तर येतं ०.०१ मिलिवॉट.

‘पण लाइट लोडला चिप मधल्या पल्स गाळते, पल्स स्किप करते ना?’ करते, आणि फरकही पडतो. १ अँपिअर पीकची एक पल्स सुमारे १ मायक्रोकूलंब देते, म्हणजे १० मिलिअँपिअरला सेकंदाला दहाएक हजार पल्स. लॉस ०.७ मिलिवॉटच्या आसपास उतरतो. तरी फिरत्या हिशेबाच्या ०.०१ मिलिवॉटच्या साठ-सत्तर पट. शिवाय इथे तो घटतो लोडच्या प्रमाणात, वर्गाच्या नव्हे.

ईएसआर हा एकच आकडा नसतो. सिरॅमिकचा सगळ्यात कमी ईएसआर सेल्फ-रेझोनन्सजवळ, म्हणजे ज्या फ्रिक्वेन्सीला त्याचा इम्पिडन्स सगळ्यात कमी असतो तिच्या आसपास मिळतो. पल्स १० किलोहर्ट्झवर आल्या की रिपलचा काही भाग खालच्या फ्रिक्वेन्सीला सरकतो आणि तिथे ईएसआर कितीतरी जास्त असतो. डेटाशीटमधला ईएसआर-फ्रिक्वेन्सीचा ग्राफ उघडून बघा, बाकी काही नको.

राहिलं लीकेज. इलेक्ट्रोलायटिकच्या बऱ्याच डेटाशीटमध्ये ०.०१सीव्ही (०.०१ × मायक्रोफॅरड × व्होल्ट, उत्तर मायक्रोअँपिअरमध्ये) ही मर्यादा असते. इनपुटला १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा लावला तर ती २५ मायक्रोअँपिअर. प्रत्यक्षात लीकेज बरंच कमी निघतं, हे मान्य. पण चिप स्वतः पाच-दहा मायक्रोअँपिअरवर झोपत असेल, तर स्टँडबायमध्ये तेही मोजावंच लागतं. मोजताना कपॅसिटरच्या सिरीजमध्ये मीटर लावा, आणि पॉवर देताच दिसलेला आकडा लिहून घेऊ नका. तो पुढची काही मिनिटं सावकाश उतरतच राहतो.